तिसऱ्या ओळीनंतरचा खड्डा

टीचरने कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले आणि हवेतच धरून ठेवले. गिटार थांबली, गाणारी थांबली. ड्रम मात्र आणखी दोन ठोके पुढे गेला आणि मग, आपण एकटेच चाललोय हे ध्यानात आल्यासारखा, ओशाळून बंद पडला.

"पुन्हा पडलो," टीचर म्हणाली.

"कुठे?" ड्रमवरच्या दादाने विचारलं.

"त्याच खड्ड्यात."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. दाताचे डॉक्टर गिटारच्या खुंट्या उगाच पिळू लागले. जाऊबाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. दवाखान्याच्या त्या बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी लोक गाल धरून आपल्या नंबराची वाट बघत, चौघेजण खुर्च्या भिंतीला सारून बसले होते. चर्चच्या सभागृहात नवी फरशी बसत होती, भिंतींना रंग लागत होता, त्यामुळे तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बुधवारी दवाखाना बंद असे म्हणून सराव इथे. समोर भिंतीवर एका दाढेचं माणसाएवढं चित्र होतं. जाऊबाई त्या चित्राकडे पाठ करून गात. तोंड उघडलं की ती दाढ आपल्यालाच तपासते, असं त्यांचं म्हणणं होतं.

खड्डा म्हणजे तिसऱ्या ओळीनंतरचा. चर्चच्या मंडळीचं सगळ्यात लाडकं गाणं होतं ते, दाराचं गाणं. दर रविवारी उपासनेची सुरुवात त्यानेच होई. पहिल्या दोन ओळी सगळे बसून म्हणत. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'उठू या' असे शब्द होते, आणि त्या शब्दांवर अख्खं सभागृह उभं राही. मग लगेच चौथी ओळ. 'लगेच' म्हणजे कागदावर लगेच. प्रत्यक्षात टीचरचा हा बँड तिसरी ओळ संपली की थबकायचा. एक ठोका, कधी दीड. मग कुणीतरी धीर करून चौथी ओळ उचलायचं आणि बाकीचे त्याच्या मागे धावायचे.

"आज कोण थांबलं?" टीचरने विचारलं.

"मी नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मी फक्त श्वास घेतला. श्वास घ्यायचा नाही का माणसानं?"

"घ्या ना ताई. पण दुसऱ्या ओळीनंतर घ्या. तिथे जागा आहे."

"दुसऱ्या ओळीनंतर मला श्वास लागत नाही. तिसरीनंतर लागतो."

"मला वाटतं, माझं बोट उशिरा पडतं," डॉक्टर नम्रपणे म्हणाले. त्यांचा नम्रपणा दांडगा होता आणि सूर बदलायला लागणारा वेळही. प्रत्येक सूर धरण्याआधी ते मान खाली घालून आपल्या बोटांकडे अशी नजर टाकत, जणू ती कुणा पेशंटची बोटं आहेत.

"आणि दादा?"

दादा शहरातली बस चालवायचा. धिप्पाड माणूस, पण हात हलका. त्याने ड्रमवरचा पाय काढून घेतला आणि त्या पायाकडेच बघत म्हणाला, "खरं सांगू का टीचर? 'उठू या' म्हटलं की लोक उठतात. बाकांचा आवाज होतो. आणि इतकी वर्षं गाडी चालवून माझं असं झालंय, की मागे लोक उठल्याचा आवाज आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो."

"इथे कोण उठतंय? इथे ती दाढ आहे नुसती."

"सवय हो."

टीचरने कपाळाला हात लावला. ही माणसं तिने गोळा केली होती, हाच तिचा अभिमान आणि हीच तिची डोकेदुखी. शाळेत ती आठवडाभर मुलांना सा रे ग म शिकवायची. तिचा कान असा होता, की पंखा बेसूर फिरला तरी तिला झोप येत नसे. आणि रविवारी हा कान घेऊन ती या तिघांत बसायची. दादा ड्युटी बदलून यायचा, डॉक्टर दर वेळी उशिरा यायचे, आणि मोठ्या जाऊबाई, घरातल्याच असल्यामुळे, घरातली भांडणं चालीत घेऊन यायच्या. तिच्याकडे कुणी बघायचं नाही. दुरुस्तीआधी सभागृहात कीबोर्ड भिंतीकडे तोंड करून होता, म्हणजे तिची पाठच सगळ्यांकडे. डॉक्टर बोटांकडे बघत, जाऊबाई डोळे मिटून गात, आणि दादा एका खांबाच्या आड असे. "माझ्याकडे बघा," ती दर रविवारी सांगायची. तिने सांगायचं आणि त्यांनी विसरायचं, असा जणू करारच होता.

दार वाजलं. मंडळीचे सेक्रेटरी आत आले. बँकेतून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून हिंडणारे गृहस्थ. बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले, म्हणजे निरोप चांगला नव्हता.

"नव्याने सजवलेल्या सभागृहाचं उद्घाटन पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "मोठ्या चर्चच्या संगीतसंचालकांचा फोन होता. त्यांची माणसं आपल्याकडे वाजवायला तयार आहेत. फक्त त्याच दिवशी नाही, दर रविवारी. काही घेणार नाहीत. शिकलेली माणसं आहेत. समितीला वाटतंय, की..." ते अडखळले. "तुम्हा लोकांनाही विश्रांती मिळेल."

"आम्ही दमलोय असं कुणी सांगितलं?" जाऊबाईंनी विचारलं.

"तसं नाही. पण आता टीचर, तुम्हीच सांगा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी ते दाराचं गाणं तिसऱ्या ओळीला अडतं, हे मलासुद्धा कळतं."

टीचरच्या कानशिलांतून वाफ निघाली. जे ती स्वतः गेली कित्येक वर्षं यांना सुनावत होती, तेच दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि तिला ते अजिबात सोसलं नाही. आपल्या माणसांना आपण काय वाटेल ते बोलावं. बाहेरच्याने एक शब्द बोलायचा नाही. तिने दादाकडे पाहिलं. तो काठ्या मांडीवर आडव्या ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा बसला होता.

"असं करा," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी सकाळची उपासना त्यांनी वाजवावी, संध्याकाळची आम्ही. तेच गाणं दोन्ही वेळा. मग समितीनं ठरवावं, दर रविवारी कोण ते."

"आणि ते अडणं?"

"अडणार नाही."

"बघा हं."

"शब्द देते."

सेक्रेटरी गेले. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "थोडं दुखेल आता," आणि गिटार मांडीवर ओढली.

त्यानंतरच्या सरावांत टीचरने त्यांच्या नाकी नऊ आणले. डॉक्टरांना तिने सूर धरण्याची वेगळी पद्धत शिकवली, ज्यात दोन बोटं जागची हलतच नाहीत, मग बघायचा प्रश्नच नाही. जाऊबाईंच्या श्वासाचा प्रश्न अवघड होता, कारण त्यात मान-अपमान मिसळलेला. शेवटी टीचरने युक्ती काढली. "ताई, तिसरी ओळ तुमच्याइतकी लांब कुणाला धरता येत नाही. ती तशीच ओढत चौथीत न्या ना. लोक बघत राहतील." जाऊबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, पण त्या दिवसापासून श्वास दुसऱ्या ओळीनंतर घेऊ लागल्या.

राहिला दादाचा पाय. त्याला काही केल्या उमजेना. रागावून झालं, समजावून झालं, हाताने ताल मोजून झाला. 'उठू या' आलं की पाय ब्रेकवर. एका बुधवारी टीचर थकून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दादा, स्टॉपवर कोणीच नसेल, आणि गाडीतही कोणाला उतरायचं नसेल, तर तुम्ही काय करता?"

"मग कशाला थांबू? तसाच पुढे काढतो."

"मग असं समजा, की तो स्टॉप रिकामा आहे. कोणी नाही तिथे."

दादाने क्षणभर डोळे मिटून तो रिकामा स्टॉप डोळ्यांपुढे आणला. मग काठ्या उचलल्या. "स्टॉप रिकामा," तो स्वतःशीच पुटपुटला. आणि तिसऱ्या ओळीमागून चौथी ओळ अशी सुळकन गेली, की टीचरचीच बोटं मागे राहता राहता वाचली.

गाणं संपलं. जाऊबाईंनी डोळे उघडले. डॉक्टरांनी मान वर केली.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं," टीचर म्हणाली, आणि तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्या दिवशी ते गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवलं, पोरांनी नवीन सायकल फिरवावी तसं. खड्डा बुजला होता. निघताना दादा दवाखान्याची पायरी उतरतानासुद्धा पुटपुटत होता, "स्टॉप रिकामा, स्टॉप रिकामा."

घरी सासूबाई पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. "संपलं का तुमचं ढँग ढँग?" त्यांनी विचारलं. टीचर लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिच्या वाजवण्याला ढँग ढँग हाच शब्द होता. त्यात राग नव्हता. कौतुकही नव्हतं. या घरात कौतुकाचा रिवाजच नव्हता. जेवण चांगलं झालं तर लोक आणखी वाढून घेत, तेवढंच.

"संपलं. यंदा छान बसलंय."

"दाराचं गाणं आहे ना?"

"आहे. सकाळी पण, संध्याकाळी पण. सकाळी पाहुणे वाजवणार, संध्याकाळी आम्ही."

"मी दोन्हीला येणार," सासूबाई म्हणाल्या. दुरुस्ती चालू असताना उपासना शाळेत होत होती आणि तिथला जिना त्यांना झेपत नसे. तेवढे सगळे रविवार त्यांनी खिडकीत बसून काढले होते. "माझी काठी बघून ठेव. तिचं रबर निघालंय."

उद्घाटनाच्या सकाळी सभागृहात नव्या रंगाचा वास होता. मोठ्या चर्चची माणसं आधीच येऊन बसली होती, एकसारखे पांढरे शर्ट, प्रत्येकापुढे एक छोटा स्टँड. त्यांचे संचालक सडपातळ, मृदू बोलणारे. त्यांनी एक बोट वर केलं आणि सगळ्यांच्या नजरा त्या बोटाला चिकटल्या. टीचरला ते बघूनच हेवा वाटला.

तिला आज वाजवायचं नव्हतं, म्हणून कित्येक वर्षांनी ती मंडळीत बसली. शेवटच्या बाकावर सासूबाईंच्या शेजारी. सासूबाईंच्या पलीकडे त्यांची मैत्रीण, शिंपीणबाई. या बाकावर ती आजवर कधी बसलीच नव्हती.

गाणं सुरू झालं आणि टीचरने मनातल्या मनात हात टेकले. सुरेख वाजवत होते. खोटं कशाला बोला. एकही सूर इकडचा तिकडे नाही. व्हायोलिन तर असं, की अंगावर काटा यावा. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी. 'उठू या.' सभागृह उभं राहिलं, टीचरही उभी राहिली, आणि चौथी ओळ लगेच, कागदावर आहे तश्शी, निघून गेली.

तिच्या शेजारी सासूबाई अर्ध्यावर होत्या. एका हाताने पुढचा बाक घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात काठी, गुडघे वाकलेलेच. चौथी ओळ संपली तेव्हा त्यांची पाठ नुकती सरळ होत होती. त्या क्षणभर तशाच अडकल्या. मग काही न बोलता खाली बसल्या. दुसऱ्या कडव्याला 'उठू या' आलं तेव्हा त्यांनी बाक धरलाच नाही.

"हे नाही थांबत हो," शिंपीणबाई कुजबुजल्या. त्याही बसलेल्याच होत्या.

"ह्यांना काय पडलंय," सासूबाई म्हणाल्या. त्या हळू बोलत आहेत असं त्यांना वाटत होतं, पण कान कमी झालेल्या माणसाचं हळू सगळ्यांना ऐकू जातं. "ह्यांची सासू थोडीच बसलीय इथे."

टीचरने मान वळवली.

"संध्याकाळी बघा," सासूबाई मैत्रिणीला सांगत होत्या. "धाकटी वाजवते तेव्हा थांबते. मोठी डोळे मिटून गाते, तिला काय दिसणार. पण धाकटीला पाठीला डोळे आहेत. मी उभी राहीपर्यंत पुढची ओळ सोडत नाही. मी उभी राहिले, की मग."

"नशीबवान आहात," शिंपीणबाई म्हणाल्या.

"ते आहेच."

मग त्या टीचरकडे वळल्या, पण बघत होत्या समोरच. "गुडघे गेले तेव्हापासून बघतेय मी," त्या म्हणाल्या. "बोलले नाही कधी. त्यात बोलायचं काय."

टीचर त्यांच्याकडे वाकली. तिला म्हणायचं होतं, की आई, तसं नाही हो. तो खड्डा आहे. तो डॉक्टरांच्या बोटांमुळे होता, ताईंच्या श्वासामुळे होता, दादाच्या पायामुळे होता. आणि मी तो बुजवलाय. जीव तोडून बुजवलाय. तिने तोंड उघडलं. सासूबाई आपल्या काठीच्या नव्या रबराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही ऐट होती, जी टीचरने या घरात आल्यापासून पाहिली नव्हती. ती ऐट तिच्यामुळे होती. तिने तोंड मिटलं.

दुपारभर तिला चैन पडली नाही. बँडला सांगावं का? सांगायचं तर जाऊबाईंपुढे सांगावं लागलं असतं. त्याच सासूच्या मोठ्या सूनबाई त्या. डोळे मिटून गाण्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असती तर सहा महिने घरात चुलीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत तोच विषय झाला असता. आणि दादाला काय सांगायचं? त्याने आठवडाभर बसमध्ये, सिग्नलला उभं असताना, स्टिअरिंगवर बोटांनी तो ताल पक्का केला होता. त्यात सेक्रेटरींना दिलेला शब्द होताच. चूक दिसली की बँड संपला. एका म्हातारीच्या गुडघ्यांसाठी तिघांचा रविवार पणाला लावायचा? आणि ते तिघे काय म्हणतील?

विचार करायला फुरसतही मिळाली नाही. संध्याकाळी डॉक्टर आले ते अगदी घंटा होता होता, हातमोज्यांची पावडर अजून मनगटावर.

"एका पेशंटची दाढ अडकली होती," ते म्हणाले.

"माझ्याकडे बघा," टीचर म्हणाली. "काय वाटेल ते होऊ दे, माझ्याकडे बघा."

"हो हो," तिघेही म्हणाले आणि डॉक्टरांनी मान खाली घातली, जाऊबाईंनी डोळे मिटले.

नव्या व्यासपीठावर कीबोर्ड मात्र मंडळीकडे तोंड करून ठेवला होता. टीचरला पहिल्यांदाच सगळे चेहरे दिसत होते. पुढच्या रांगेत समिती, मधोमध सेक्रेटरी, त्यांच्या शेजारी सकाळचे संचालक, पाहुणे म्हणून थांबलेले. आणि अगदी मागे, शेवटच्या बाकावर, दोन पांढरी डोकी.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. जाऊबाईंनी जागेवर श्वास घेतला. डॉक्टरांची दोन बोटं जागची हलली नाहीत. आड खांब नव्हता आता. दादा उघड्यावर बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो काय म्हणतोय ते टीचरला ठाऊक होतं. तिसरी ओळ आली. 'उठू या.'

बाक वाजले. मागे एका हाताने पुढच्या बाकाची कड पकडली.

टीचरने ठरवलं असं म्हणता येणार नाही. तिची बोटं त्या सुरावर होती, ती तिने उचललीच नाहीत. सूर तिथेच राहिला, भरून, लांब. जाऊबाईंनी चौथ्या ओळीसाठी तोंड उघडलं होतं. कीबोर्ड हललेला नाही हे कानाला कळताच त्यांनी ते मिटलं, आणि डोळे उघडले. डॉक्टरांची बोटं पुढच्या सुरापाशी पोचली होती. ती तारांवर नुसती टेकून राहिली आणि मान वर आली. दादाची काठी हवेत होती. तीही हवेतच राहिली. तिघेही तिच्याकडे बघत होते. इतकी वर्षं घसा फोडून जे झालं नव्हतं, ते एका सुरात झालं होतं. हे तिचं ऐकत नाहीत, असं तिला उगाच वाटत आलं होतं. ऐकत होते. कानांनी ऐकत होते.

मागच्या बाकावर काठी टेकली गेली. गुडघे सरळ झाले, मग पाठ, मग मान. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि हनुवटी वर उचलली.

टीचरने बोटं पुढे टाकली. तिच्याबरोबर, एका क्षणाचाही फरक न पडता, तिघेही आले, आणि चौथी ओळ अख्ख्या सभागृहाने उभ्याने म्हटली. टीचरचा ऊर असा भरून आला, की दुसऱ्या कडव्याचा पहिला सूर तिला दिसेना, नुसता हाताला लागला. पुढच्या प्रत्येक कडव्याला ती थांबली, आणि प्रत्येक वेळी ते थांबले, नेमके तेवढेच. खड्ड्यात गाडी आपटावी तसं ते नव्हतं. ब्रेक अलगद लागत होता.

उपासना संपल्यावर संचालक जवळ आले. त्यांनी मनापासून हात मिळवला. "छान बसलंय," ते म्हणाले. "फक्त तिसऱ्या ओळीनंतर एक ठोका जास्त होतो. तेवढा काढला, की..."

"जास्त नाही," टीचर म्हणाली. "आमच्याकडे हे गाणं तेवढंच आहे."

ते हसले, मान हलवली आणि पाळकांना भेटायला गेले. मागे सेक्रेटरी उभे होते. टीचरला आता शब्दाची आठवण आली.

"अडलं," ती आपण होऊन म्हणाली. "मी शब्द दिला होता."

सेक्रेटरी आपल्या गुडघ्यांच्या पट्ट्यांशी चाळा करत होते. "मला गाण्यातलं कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय," ते म्हणाले. "पण सकाळी मी चौथी ओळ अर्धी वाकूनच म्हटली. पहिल्या रांगेत, सगळ्यांसमोर. धड सापडलीच नाही मला ती ओळ." ते जरा थांबले. "डॉक्टरांना म्हणावं, पुढच्या रविवारी तरी वेळेवर या."

टीचरचा जीव भांड्यात पडला. ते वळून गेले तरी ती तशीच उभी राहिली.

व्यासपीठावर तिघेही वायरी गुंडाळत होते. काहीतरी ठरवून ते गप्प आहेत, हे तिला लांबूनच कळलं. शेवटी दादाने घसा साफ केला.

"टीचर, रागावू नका. पण आज खड्ड्यात तुम्ही पडलात."

"पडले," टीचर म्हणाली.

"आम्ही सांभाळून घेतलं."

"मी तर तोंड उघडलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "अगदी वेळेवर मिटलं. नाहीतर आज सगळ्यांसमोर तुझी फजिती होती."

"होतं असं," डॉक्टर म्हणाले. खुर्चीत आडव्या पेशंटशी बोलतात त्याच आवाजात. "घाबरून जायचं नाही. म्हणून तर माणसं बरोबर असतात."

तिघांचे चेहरे असे उजळले होते, की टीचरला वाटलं, यांना एवढं खूश आपण कधी पाहिलंच नाही. इतकी वर्षं ती त्यांना चुकताना पकडत आली होती. आज पहिल्यांदा त्यांनी तिला पकडलं होतं, आणि वर पडू दिलं नव्हतं. मान ताठ करून उभे होते तिघेही. तिलाही त्यांच्याकडे बघून मान ताठ करावीशी वाटली.

"सांभाळून घेतलंत खरं," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं."

दादा खाली बसून ड्रमचा स्क्रू काढू लागला. मधेच थांबून त्याने मान वर केली. त्याला काहीतरी टोचत होतं. "पण टीचर, तुम्ही थांबलात का? तुम्हीच म्हणाला होतात, स्टॉप रिकामा आहे."

टीचरने दाराकडे पाहिलं. सासूबाई शिंपीणबाईंच्या हाताला धरून पायरी उतरत होत्या, एकेक पाय शोधत, आणि मोठमोठ्याने, म्हणजे त्यांच्या हळू आवाजात, कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या.

"नव्हता," ती म्हणाली. "होतं कोणीतरी."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. कामाच्या जागी नियम ऐकून घ्यावा तशी त्याने मान डोलावली. "कोणी असेल तर थांबावंच लागतं." आणि तो पुन्हा स्क्रू काढू लागला.